वारशात आलेला शॉटगन रीलोडिंग प्रेस: कोणता भाग कशाचा, हे कसं ओळखायचं

घरातलं एखादं वडीलधारं माणूस गेल्यावर गॅरेजमधून जे सामान निघतं, त्यात कधी कधी एक जड लोखंडी यंत्र असतं. वर दोन बाटल्या उलट्या बसवलेल्या, बाजूला लांब दांडा, खाली ओळीत किंवा गोलाकार चार-पाच जागा, आणि सोबत सुट्या भागांनी भरलेला डबा. हे शॉटगनची काडतुसं पुन्हा भरायचं यंत्र, म्हणजे रीलोडिंग प्रेस. ज्याच्या वाट्याला ते येतं तो बहुतेक वेळा एकेक भाग हातात घेऊन "हा कशाचा?" असं विचारत सुटतो आणि गोंधळून जातो.

माझा आग्रह वेगळ्या पद्धतीचा आहे. भाग सुटे बघू नका. एक रिकामी, उडवलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, घ्या आणि ती या यंत्रातून कुठून कुठे जाते ते बघा. जुना प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी) निघणं, पितळी बूड पुन्हा मापात येणं, नवा प्रायमर बसणं, पावडर (बंदुकीची दारू), वॅड (पावडर आणि छर्ऱ्यांच्या मधला अडसर), छर्रे आणि शेवटी तोंड मुडपणं, हा क्रम कोणत्याही कंपनीच्या यंत्रात बदलत नाही. प्रत्येक भाग त्या क्रमातल्या आपल्या जागी उभा असतो. जागा कळली की काम कळतं, आणि काम कळलं की नाव शोधणं सोपं.

हात लावण्याआधी

यंत्र रिकामं आहे असं गृहीत धरू नका. वर्षानुवर्षं बाटलीत राहिलेली पावडर, नळीत अडकलेले जिवंत प्रायमर आणि दांड्याखाली सांडलेले छर्रे हे तिन्ही सापडणं अगदी नेहमीचं आहे. डोळ्यांवर गॉगल चढवा. आसपास सिगारेट, हीटर, ठिणगी काही नको. प्रायमरची ताटली किंवा नळी सर्वात आधी सोडवून बाजूला घ्या. अडकलेला प्रायमर टोचणीने उचकटू नका, तो भाग सोडवून हलकेच उपडा करा. तेल टाकल्याने प्रायमर निकामी होतो ही समजूत भरवशाची नाही.

बाटलीतली पावडर कितीही छान दिसली तरी ती वापरायची नाही. बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली असली तरीही नाही, कारण चिठ्ठी लिहिल्यावर आत दुसरी पावडर ओतली गेली नाही याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. आंबट, झोंबणारा वास येत असेल किंवा लालसर तपकिरी धूळ दिसत असेल, तर ती पावडर खराब झालेली आहे. ती घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडून ठेवू नका. विल्हेवाट कशी लावायची ते स्थानिक अग्निशमन दलाला विचारा. सांडलेली पावडर व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, मऊ ब्रशने सुपलीत गोळा करा. यंत्रावरची राखाडी धूळ बहुधा शिशाची असते, तेव्हा ती ओल्या फडक्याने पुसा आणि नंतर हात साबणाने धुवा. जिथे लहान मुलं खेळतात तिथे हे काम करू नये.

आणखी एक. काडतुसं भरणं, पावडर व प्रायमर जवळ ठेवणं यांचे नियम देशोदेशी, कधी राज्याराज्यांत वेगळे आहेत. यंत्र ओळखायला परवाना लागत नसला तरी वापरण्याआधी आपल्याकडचा कायदा बघून घ्या.

यंत्र कोणाचं?

नाव बहुधा ओतीव लोखंडात, पायाच्या पट्टीवर, खांबाच्या माथ्यावर किंवा अर्धवट खरवडलेल्या स्टिकरवर असतं. मातीचा, तेलाचा थर काढल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून आधी साफसफाई.

सर्वात जास्त भेटतो तो मेक. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मेव्हिल गावची मेव्हिल इंजिनिअरिंग कंपनी, तिचं हे लघुनाव. ६०० ज्युनिअर हे तिचं घराघरात पोचलेलं मॉडेल: एका ओळीत पाच जागा, आणि पुंगळी हाताने एकीकडून दुसरीकडे सरकवायची. सायझमास्टर त्याच कुळातला, फक्त बूड मापात आणायची त्याची पद्धत वेगळी. ६५० आणि ग्रॅबर यांना मात्र खाली फिरती थाळी असते. तिच्यावर सगळ्या पुंगळ्या एकदम बसतात आणि यंत्र भरलं की दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस निघतं.

थाळीवर आठ जागा आणि खाली भक्कम ओतीव पाया दिसला, तर तो पॅसिफिकचा किंवा हॉर्नेडीचा ३६६ असण्याची शक्यता मोठी. पॅसिफिक ही कंपनी १९७१ मध्ये हॉर्नेडीने घेतली. त्यामुळे एकाच घराण्याच्या यंत्रावर दोन नावं सापडतात, आणि भाग शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं. डीएल-१५५, डीएल-२६६ अशी अक्षरं दिसली तर ते पॅसिफिकच.

आयडाहो राज्यातल्या रॅथड्रमचं पॉन्सनेस-वॉरन ओळखायला सर्वात सोपं. त्यात पुंगळी उघडी उभी नसते. ती पूर्ण लांबीच्या पोलादी नळीसारख्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरते आणि सगळी कामं होईपर्यंत तिच्यातच राहते. वारशात यंत्र आलं आणि या नळ्या हरवलेल्या असतील, तर त्या मिळेपर्यंत यंत्राचा उपयोग नाही. म्हणून डबा नीट चाळा. कोणाला तरी त्या सुट्या पाइपच्या तुकड्यांसारख्या वाटून भंगारात गेलेल्या असतात.

बरंचसं लाल प्लास्टिकचं, वजनाला हलकं यंत्र असेल तर ते ली कंपनीचं लोड-ऑल. याखेरीज टेक्सन, लायमन, हर्टर्स, बेअर अशी नावंही जुन्या घरांत निघतात.

कोणत्या बोअरचं?

यंत्र दिसायला सारखंच असतं, पण आतले डाय एका बोअरचे, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या एका मापाचे, असतात. सर्वात सोपा उपाय म्हणजे ज्ञात बोअरची उडवलेली पुंगळी पहिल्या जागी धरून बघणं. ती नसेल तर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) काढा. बूड मापात आणणाऱ्या कड्याचा आतला व्यास १२ बोअरला साधारण साडेवीस मिलिमीटर, २० बोअरला साडेसतराच्या आसपास, २८ बोअरला पावणेसोळाच्या आसपास आणि .४१० ला सुमारे १२ मिलिमीटर भरतो. १६ बोअर मध्ये कुठेतरी, १९ च्या थोडा आत. जुन्या यंत्रांत १६ बोअर दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. एके काळी त्याचं चलन बरंच होतं.

सगळे डाय एकाच बोअरचे आहेत का, हेही तपासा. आधीच्या मालकाकडे दोन बोअरच्या बंदुका असतील, तर बदलताना एखादा भाग तसाच राहून गेलेला असू शकतो. १२ बोअरच्या यंत्रावर २० बोअरची वॅड-मार्गिका (वॅडला पुंगळीच्या तोंडात वाट दाखवणारा भाग) बसवलेली असेल तर वॅड तोंडातच चेपते आणि नवखा माणूस वॅडला दोष देत बसतो.

पुंगळीबरोबर पुढे

पहिली जागा: वरून खाली येणारा बारीक दांडा म्हणजे जुना प्रायमर बाहेर ढकलणारी पिन. त्याच्याभोवतीचं कडं पितळी बूड आवळतं. इथे दोन घराणी आहेत. काही यंत्रांत घट्ट पोलादी कडं बुडावर दाबलं जातं. सायझमास्टर आणि ग्रॅबरमध्ये मात्र चिरा पाडलेली पोलादी बोटं असतात आणि ती चहूबाजूंनी बूड दाबून धरतात. बोटांमधल्या चिरांत घाण भरली की ती पुरती मिटत नाहीत, आणि मग काडतूस बंदुकीच्या चेंबरमध्ये अडतं. सामानात याच तत्त्वावरचं छोटं, स्वतंत्र यंत्र निघालं तर चकित होऊ नका. मेकच्या ६५० मध्ये बूड आवळायची सोय नव्हती, त्यासाठी सुपर सायझर नावाचं वेगळं उपकरण घेत असत.

दुसरी जागा नव्या प्रायमरची. खाली स्प्रिंगवर बसलेली वाटी असते, तिच्यात प्रायमर ठेवायचा आणि वरून पुंगळी दाबायची. आज २०९ आकाराचा प्रायमर सर्रास चालतो, त्याचं अंग सुमारे ६ मिलिमीटरचं. जुन्या काळी वेगळ्या आकाराचे प्रायमरही होते, त्यामुळे वाटी सैल किंवा घट्ट वाटली तर ती बदलायची आहे असं समजा. जोर लावू नका.

तिसरी जागा यंत्राचं काळीज, आणि इथे घाई करणाऱ्याची फसगत ठरलेली. बाटल्यांच्या खाली जी पट्टी डावी-उजवीकडे सरकते तो चार्ज बार. एका बाजूला पावडरचं छिद्र, दुसऱ्या बाजूला छर्ऱ्यांचं. मेकच्या नेहमीच्या पट्टीत छर्ऱ्यांचं छिद्र कायमचं कोरलेलं असतं. पावडरच्या छिद्रात मात्र बाहेर काढता येणारं गोल कडं बसतं, ते बुशिंग. लोड-ऑलमध्ये दोन्हीसाठी बदलता येणारी प्लास्टिकची बुशिंगं असतात. पट्टीवर फिरवायचे दोन स्क्रू आणि मोजपट्टी दिसली तर तो नंतर बसवलेला, कमी-जास्त करता येणारा बार आहे.

मेकच्या पट्टीवर कोरलेल्या आकड्याचा शेवट ११८ असेल तर ती १ १/८ औंस छर्ऱ्यांची, १०० असेल तर १ औंसाची. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, म्हणून १ १/८ औंस झाले सुमारे ३१.९ ग्रॅम. बुशिंगवरचा आकडा मात्र वजन सांगत नाही, आणि हे ठसवून घ्या: ३२ आकड्याच्या बुशिंगमधून ३२ ग्रेन (पावडर तोलायचं छोटं वजन) पावडर पडत नाही. तो आकडा फक्त पोकळीच्या आकाराचं नाव आहे. एकाच पोकळीत एक पावडर हलकी भरते, दुसरी जड. शिवाय एका कंपनीचं ३२ आणि दुसऱ्या कंपनीचं ३२ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. कंपनीच्या तक्त्यावरून फक्त अंदाज येतो. खरा आकडा तराजूच सांगतो.

डब्यात दुसरी, वेगळ्या छिद्राची पट्टी निघाली तर ती पोलादी छर्ऱ्यांची असू शकते. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे टप्प्याटप्प्याने बंद होत १९९१ पासून देशभर बंद झाले, आणि त्या सुमारास अनेकांनी पोलादी छर्ऱ्यांचे भाग घेतले. पोलाद शिशापेक्षा बरंच हलकं आणि कडक असतं. त्याला वॅडही वेगळी लागते, पावडरचं प्रमाणही वेगळं. शिशाच्या पट्टीतून पोलादी छर्रे टाकायचा प्रयत्न कधीही करू नये. ते पट्टीच्या कडेला अडकतात आणि जोर लावला की पट्टी जाते.

बाटलीच्या तोंडाशी रबरी चकत्या असतात, आणि पावडरच्या बाजूला काही यंत्रांत आत एक पडदा असतो. तो बुशिंगवर येणारा पावडरचा दाब सारखा ठेवतो. चकत्या कडक होऊन तडकल्या असतील तर पावडर फटीतून झिरपते आणि पट्टी चालवताना करकर ऐकू येते. पट्टीला तेल लावू नका, पावडर चिकटून गोळे होतात. कोरडी पुसून ठेवा.

त्याच जागी वॅड बसते. मध्यभागी उभी पोकळ नळी पावडर आणि छर्रे खाली सोडते आणि तीच वॅड दाबते. तिच्यासमोर पुढे झुकणारा किंवा बाहेर वळणारा भाग म्हणजे वॅड-मार्गिका. तिच्या तोंडाशी पातळ प्लास्टिकची बोटं असतात, ती पुंगळीचं तोंड उघडं धरतात. वारशातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात ही बोटं तुटलेली निघतात. काळजी नको, हा सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी झिजणारा भाग आहे.

त्या नळीवर आकडे कोरलेली खूणपट्टी आणि जाड स्प्रिंग दिसली, तर यंत्राच्या वयाचा अंदाज लागतो. १९६० च्या दशकात एकसंध प्लास्टिक वॅड रूढ होण्याआधी पावडरवर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमद्याच्या किंवा तंतूच्या चकत्या असा थर रचत. तो ठराविक दाबाने बसवावा लागे, आणि खूणपट्टी तो दाब दाखवायची. प्लास्टिक वॅडला एवढा दाब लागत नाही. यंत्रावर जुनी जोरदार स्प्रिंग तशीच कसलेली असेल तर वॅड चेपते, म्हणून ती सैल करून ठेवा.

चौथी जागा तोंड मुडपायला सुरुवात करणारी. टोपीसारखा भाग आणि आतून दाते. दाते मोजा: सहा किंवा आठ. उडवलेल्या पुंगळीच्या तोंडावरच्या घड्याही मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, नाहीतर तोंड चुरगळतं आणि मध्ये भोक राहतं. मेकमध्ये ही टोपी प्लास्टिकची असते आणि सैल फिरते. स्पिन्डेक्स म्हणतात तिला. ती फिरते म्हणजे बिघडलेली नाही. जुन्या घड्या शोधून त्यांवर बसता यावं म्हणूनच ती सैल ठेवलेली आहे. कोणीतरी "दुरुस्त" करून घट्ट आवळली असेल तर पुन्हा सैल करा.

पाचवी जागा शेवटची. वाटीसारखा डाय आणि आत वरखाली होणारा ठोकळा. घड्या सपाट करणं आणि कडेला किंचित उतार देणं हे याचं काम. याच्या माथ्यावर जे नट आहेत, त्यांच्या जागेवर तेल-खडूने खूण केल्याशिवाय ते सोडू नका. आधीच्या मालकाने लावलेलं ते माप फुकट मिळालेलं ज्ञान आहे.

डब्यातले सुटे भाग

इथे जुन्या पिढीची साधनं यंत्राच्या भागांत मिसळलेली असतात. टेबलाच्या कडेला आवळायचं, छोटा फिरवता येणारा दांडा असलेलं लोखंडी हत्यार निघालं तर ते पुंगळीची कड आत गुंडाळायचं साधन. घडीचं तोंड रूढ होण्याआधी छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवून कड आत वळवत. आयडियल हे नाव अशा हत्यारांवर बऱ्याचदा दिसतं. ही कंपनी १९२५ मध्ये लायमनने घेतली. लाकडी मुठीचा जाड दांडा वॅड ठोकण्याचा, आणि एका टोकाला धारदार नळी असेल तर ती चकत्या कापण्याची.

लाकडी किंवा पितळी मुठीचं छोटं माप, त्यावर ड्रॅम आणि औंस अशा खुणा: हे सापडलं की थांबा. एक ड्रॅम म्हणजे २७.३४ ग्रेन, आणि हे माप बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूचं, आकारमानाचं आहे. आजच्या धूररहित पावडरी तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त ऊर्जा साठवतात. ड्रॅमच्या खुणेपर्यंत तशी पावडर भरली तर बंदूक फुटू शकते, माणसासकट. आजच्या काडतुसांच्या खोक्यावर "ड्रॅम इक्विव्हॅलंट" लिहिलेलं असलं तरी तो आतल्या पावडरीच्या वजनाचा आकडा नव्हे. हे माप कपाटात शोभेला ठेवा आणि पावडरजवळ येऊ देऊ नका.

एखादा भाग कुठेच बसत नसेल तर तो दुसऱ्याच यंत्राचा असण्याची शक्यता धरा. ज्यांनी वर्षानुवर्षं काडतुसं भरली त्यांच्याकडे एकाहून जास्त यंत्रं येऊन गेलेली असतात. न ओळखलेले भाग वेगळ्या पिशवीत घाला, टाकू नका.

झीज आणि बदली

ही यंत्रं अमेरिकी आहेत, त्यामुळे नट-बोल्ट इंचातले. मेट्रिक पाना "जवळजवळ" बसतो आणि नटाचे कोपरे घासून जातात. इंचाच्या अॅलन चाव्यांचा एक संच घ्या, मगच सुरुवात करा. खांब पुसून त्यावर पातळ तेल द्या. दांड्याची परतीची स्प्रिंग ताणून लांब झालेली आहे का ते बघा. दांडा स्वतःहून पूर्ण वर येत नसेल तर बहुधा तीच.

ओळख पटल्यावर पावडर आणि प्रायमर न घालता पाच-सात पुंगळ्या सगळ्या जागांतून फिरवा. फक्त वॅड आणि छर्रे घाला, आणि अशा पुंगळ्यांवर ठळक खूण करून नंतर त्या उघडून टाका. छर्ऱ्यांचे दहा टप्पे वेगवेगळे तोला. ३१.९ ग्रॅमच्या पट्टीतून एकदा ३१ आणि एकदा ३४ पडत असतील तर पट्टी झिजली आहे, किंवा बाटलीत काहीतरी अडकतं आहे. पावडरची वेळ आली की प्रसिद्ध झालेल्या चालू भरण-तक्त्यातलं एकच प्रमाण निवडा. त्यात पुंगळी, प्रायमर, पावडर, वॅड आणि छर्रे हे पाचही तंतोतंत तेच हवेत. आधीच्या मालकाच्या वहीतलं प्रमाण वापरू नका, कारण त्या नावाची पुंगळी आणि वॅड आज आतून वेगळी असू शकते.

भाग मागवताना यंत्राचं मॉडेल, बोअर आणि जिथला भाग आहे ती जागा लिहा. सोबत तो भाग मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो द्या. मेकच्या संकेतस्थळावर अनेक जुन्या मॉडेलांच्या पुस्तिका आणि सुट्या भागांचे आकृतितक्ते मिळतात. त्यातला भागाचा क्रमांक कळवला तर दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही.